काडी मोडते, घराचं काय?

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. सांगलीत विश्रामबागच्या बाजूला एका दुमजली घराच्या अंगणात मी मोजपट्टीचं एक टोक धरून उभा होतो. दुसरं टोक घरधन्याच्या हातात होतं. घरधनीण ओट्यावर बसून मुलीच्या जुन्या वहीत आकडे लिहून घेत होती. पंधरा फूट सहा इंच. अकरा फूट. चौदा फूट तीन इंच. कुणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, घराला नवी फरशी बसवायची असेल. प्रत्यक्षात त्या दोघांचा परस्परसंमतीनं घटस्फोट होऊन चार महिने झाले होते आणि आम्ही त्या घराची वाटणी करत होतो.

दोघंही माझ्या परिचयाचे. तो साताऱ्याला नोकरीला, शनिवार-रविवार सांगलीत. ती सांगलीतच शिक्षिका. घर दोघांच्या नावावर, कर्ज दोघांच्या नावावर. २०१९ च्या महापुरात गावभागातले तिचे आणि त्याचे मिळून चौदा नातेवाईक आठ दिवस याच घरात राहिले होते. असं घर विकायचं कुणाच्याच मनात येईना. "काका, तुम्ही सांगाल तसं," असं दोघंही म्हणाले. मीही मोठेपणानं निवाडा दिला. खालचा मजला तिचा, वरचा त्याचा. भांडण नाही, कोर्ट नाही, मुलीला आई खाली आणि बाबा वर. घरी परतताना मला आपण फार शहाणपणाचं काम केलं असं वाटत होतं.

ती माझी चूक होती. तसाच निवाडा देणारे काका, मामा आणि भावोजी घरोघरी असतात, म्हणून ती आज सांगतो आहे.

घराचा जिना आतून होता. म्हणून बाहेरून लोखंडी जिना काढला, तो नेमका तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवरून गेला. पाण्याची टाकी वर, बोअर खाली आणि मोटारीचं बटण तिच्या दिवाणखान्यात. विजेचा मीटर एकच. वरच्या न्हाणीघरातून खालच्या देवघरात पाणी झिरपू लागलं. दुरुस्ती कुणी करायची? तो म्हणाला, गळतं तिच्याकडे. ती म्हणाली, गळती त्याची. पुढे त्यानं वरचा मजला विकायला काढला. गिऱ्हाईक आलं, त्यानं कागद मागितले. कागद बँकेत गहाण आणि कर्जावर दोघांच्या सह्या. तिला मुलीच्या शिक्षणासाठी घरावर कर्ज हवं होतं, तेही त्याच्या सहीवाचून मिळेना. नवरा-बायको म्हणून जेवढं भांडण झालं नव्हतं तेवढं सहहिस्सेदार म्हणून झालं.

आपल्याकडे घटस्फोटाला काडीमोड म्हणतात. पंचांसमोर काडी मोडायची, दोन तुकडे दोन दिशांना टाकायचे, संपलं. बहुजन समाजात ही रीत पूर्वापार होती. पुढे तिला कायद्याचं रूप आलं. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहूंनी १९१९ मध्ये काडीमोडीसंबंधी कायदा केला, मुंबई प्रांतात १९४७ मध्ये हिंदू घटस्फोटाचा कायदा आला आणि १९५५ मध्ये हिंदू विवाह कायदा देशभर लागू झाला. १९७६ पासून तर परस्परसंमतीनं वेगळं होण्याची वाट मोकळी झाली. वर्षभर वेगळं राहायचं, अर्ज करायचा, सहा महिने थांबायचं. ते सहा महिनेही योग्य कारण असेल तर न्यायालय माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितलं. थोडक्यात, काडी मोडण्याची सोय शंभर वर्षांत पुष्कळ झाली. पण ज्या काळी ही रीत पडली त्या काळी नवरा-बायकोच्या नावावर मिळून घर नसायचं. घर सासऱ्याचं असायचं. बाई निघायची ती लुगड्याची घडी आणि अंगावरचे दागिने घेऊन, आणि कधी कधी तेही न घेता.

आता घर दोघांचं असतं. किंवा दोघांचं आहे असं आपण समजतो. घोटाळा इथूनच सुरू होतो. आपण ज्याला सरसकट "आमचं घर" म्हणतो, त्याचे कायद्याच्या लेखी तीन निराळे प्रकार आहेत.

पहिलं घर खरेदीखतावर दोघांची नावं असलेलं. इथे दोघं सहमालक. हिस्से खतात लिहिलेले नसतील तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे ज्यानं जेवढे पैसे घातले तेवढा त्याचा हिस्सा, आणि पैशांचा पुरावा नसेल तर दोघांचे हिस्से समान मानायचे. वाटपाचा दावा लावला तर न्यायालय आधी हिस्से ठरवतं, मग कमिशनर नेमून जागेवर पाहणी होते. सरस-निरस मानानं वाटप करा, असं कागदावर लिहिलेलं असतं. शेताचं तसं वाटप होतं. विहिरीजवळचं कमी आणि माळाचं जास्त देऊन भरपाई करता येते. पण एका स्वयंपाकघराचं सरस-निरस कसं करणार? म्हणून १८९३ च्या वाटप कायद्यात सोय आहे. मिळकतीचे तुकडे करणं शहाणपणाचं नसेल आणि निम्म्या किंवा त्याहून अधिक हिश्श्याच्या मालकानं मागणी केली, तर न्यायालय विक्रीचा हुकूम देऊ शकतं. मात्र दुसऱ्या हिस्सेदाराला तो हिस्सा ठरलेल्या किमतीला घ्यायचा असेल तर त्याला आधी संधी मिळते. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कायदा करणाऱ्यांना जे कळलं होतं, ते अंगणात मोजपट्टी धरून उभ्या असलेल्या मला कळलं नव्हतं.

दुसरं घर एकाच्याच नावाचं, बहुधा नवऱ्याच्या. संसारात घेतलं म्हणजे निम्मं बायकोचं, अशी पुष्कळ जणींची समजूत असते. ती खरी नाही. हिंदू विवाह कायद्याच्या २७ व्या कलमात न्यायालयाला मालमत्तेविषयी हुकूम करता येतो, पण तो लग्नाच्या सुमारास मिळालेल्या आणि दोघांच्या मालकीच्या वस्तूंबद्दल. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याचा अर्थ थोडा रुंद केला आणि लग्नाच्या आधी किंवा नंतर, पण लग्नाच्या संबंधात मिळालेल्या मालमत्तेलाही त्यात जागा दिली. तरीही लग्नानंतर बारा वर्षांनी हप्त्यावर घेतलेलं घर त्यात सहजी बसत नाही. शेजारच्या गोव्यात मात्र १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून रीत वेगळी आहे. लग्नाआधी दुसरा करार केलेला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता दोघांची सामाईक, आणि वेगळं होताना निम्मी निम्मी. आपल्याकडेही घटस्फोटाच्या वेळी पत्नीला पतीच्या मालमत्तेत वाटा देणारं विधेयक राज्यसभेनं २०१३ मध्ये संमत केलं होतं. पुढे ते बारगळलं.

तिसरं घर सासऱ्याचं किंवा वडिलोपार्जित. साताऱ्याला करंजेच्या बाजूची एक ओळखीची बाई आहे. सासऱ्यांच्या घरावर तिनं भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढून वरचा मजला चढवला. कागद कुठेच नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानं अशा बाईला सामाईक घरात राहण्याचं संरक्षण दिलं, आणि ते घर सासऱ्याच्या मालकीचं असलं तरी संरक्षण मिळू शकतं असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. पण हा हक्क राहण्याचा आहे, मालकीचा नव्हे. तिनं चढवलेल्या विटा आज कायद्याच्या लेखी सासऱ्यांच्या आहेत.

आणि गंमत पाहा, गंमत कसली, दुःखच. या बाईनं माहेरच्या घरावरचा हक्क काही वर्षांपूर्वी हक्कसोडपत्रावर सही करून भावांना देऊन टाकला होता. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका वाटा देणारी दुरुस्ती केली. राहत्या घराची वाटणी मुलीला स्वतःहून मागता येत नाही, अशी जुन्या वारसा कायद्यात अट होती, ती २००५ मध्ये गेली. कायद्यानं दिलं आणि "भाऊ काय म्हणतील" या एका वाक्यानं काढून घेतलं. साडी-चोळीवर माहेर सुटतं, कागदावाचून सासर सुटतं, आणि चाळिशीतली कमावती बाई भाड्याची खोली शोधत हिंडते.

आपल्या भागाला हा प्रश्न नवा नाही. सांगली जिल्ह्यात कासेगावच्या इंदुताई पाटणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परित्यक्तांना संघटित केलं. संगमनेरला १९८८ मध्ये परित्यक्तांची परिषद भरली. "टाकलेली" म्हणून ज्यांना हिणवलं जाई, त्या बायकांच्या मागण्या दयेच्या नव्हत्या, तर हक्काच्या निवाऱ्याच्या आणि जगण्याच्या साधनांच्या होत्या. साताऱ्यात जन्मलेल्या शरद जोशींनी शेतकरी संघटनेतून लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला आणि शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावानं करून द्यावा असं आवाहन केलं. साताऱ्याच्याच अ‍ॅड. वर्षा देशपांडे यांनी १९९० मध्ये दलित महिला विकास मंडळ स्थापन केलं. त्यांना २०२५ चा संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार मिळाला, त्यात त्यांच्या ज्या कामांची नोंद घेतली गेली त्यांत पती-पत्नीच्या संयुक्त नावावर मालमत्ता नोंदवण्याचं कामही आहे. तेव्हा नाव लावण्याची लढाई इथल्या बायकांनी बरीच पुढे नेली आहे. मात्र एक लक्षात ठेवायला हवं. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर किंवा घरपट्टीच्या पावतीवर नाव असणं चांगलंच, पण ती नोंद करआकारणीची असते. मालकी सिद्ध होते ती खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र अशा कागदांनी.

आता मुद्द्याचं. माझं मत असं आहे की, घटस्फोटात घराची भिंत घालून वाटणी करू नये, आणि घर तसंच सामाईकही ठेवू नये. दोघांपैकी एकानं घर घ्यावं आणि दुसऱ्याला त्याच्या हिश्श्याची रक्कम द्यावी. ते जमत नसेल तर घर विकून पैसे वाटून घ्यावेत.

याला पहिला आक्षेप येतो तो मुलांच्या नावानं. "राहू दे की दोघांच्या नावावर. शेवटी पोरांचंच आहे." हे वाक्य मी इतक्या बैठकांत ऐकलं आहे की ते पाठ झालं आहे. ऐकायला गोड, पण यातून पोरांना घर मिळत नाही, घराचा दावा मिळतो. उद्या दोघांपैकी कुणी दुसरं लग्न केलं, तर त्या हिश्श्याला नवे वारस येतात. एकाचं कर्ज थकलं तर जप्ती त्याच्या हिश्श्यावर येते. मुलीला आई खाली आणि बाबा वर मिळतील, असं मी म्हणालो होतो. त्या मुलीला प्रत्यक्षात मिळालं ते गळक्या पाण्यावरून जिन्यात चाललेलं भांडण.

या आक्षेपात एक खरी गोष्ट मात्र आहे, ती नाकारून चालणार नाही. मूल दहावी-बारावीत असताना घर हलवणं अवघड असतं. अशा वेळी विक्री पुढे ढकलावी, पण तारीख घालून. अमुक वर्षाच्या ३१ मेपर्यंत आई मुलासह राहील, त्यानंतर घराची किंमत ठरवून ती हिस्सा घेईल किंवा घर विकलं जाईल, तोवर हप्ता, घरपट्टी आणि दुरुस्ती अमुक जण भरेल, असं स्पष्ट लिहावं. "पुढे बघू" हे शब्द लिहून भागत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. "हप्ते मी भरले, मग निम्मं कशाला?" आमच्या घरधन्याचा हाच प्रश्न होता. त्याच्याकडे बँकेचे उतारे होते, तिच्याकडे काही नव्हतं. कारण त्याच्या पगारातून हप्ता जायचा आणि तिच्या पगारातून वाणी, दूधवाला, शाळेची फी, सासूबाईंची औषधं. दुकानदाराच्या पावत्या कोण जपून ठेवतं? सुरुवातीची रक्कम उभी करताना तिच्या पाटल्या मोडल्या होत्या, त्याचीही चिठ्ठी नव्हती. पण तिनं घर चालवलं नसतं तर त्याचा हप्ता भरला गेला असता का? जून २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं नेमका हा विचार केला. घर सांभाळणाऱ्या पत्नीच्या श्रमांमुळेच पतीला कमावणं आणि मिळकत घेणं शक्य होतं, म्हणून त्या मिळकतीत तिचा समान वाटा आहे, असं त्या निकालात म्हटलं. तो निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण बैठकीला बसणाऱ्या काका-मामांनी तो जरूर ध्यानात ठेवावा. कोर्टानं पुरावा मागायचा असतो. आपण न्याय करायला हरकत नाही.

हिशेबही वाटतो तेवढा कठीण नसतो. समजा, घराची बाजारातली किंमत साठ लाख आहे आणि कर्ज बारा लाख उरलं आहे. वाटायचे राहिले अठ्ठेचाळीस लाख, प्रत्येकी चोवीस. जो घर ठेवील त्यानं उरलेलं कर्ज एकट्याच्या नावावर घ्यायचं आणि दुसऱ्याला चोवीस लाख द्यायचे. किंमत रेडी रेकनरवरून ठरवू नये. दोघांनी मिळून एक जाणकार मूल्यमापक नेमावा आणि त्याचा आकडा मानावा. आणि कर्ज उरलेलं असेल तर बँकेला आधी विचारावं. नवरा-बायकोचं नातं न्यायालय तोडू शकतं, पण दोघांनी मिळून सही केलेलं कर्ज त्या हुकूमनाम्यानं तुटत नाही. एकानं हप्ता चुकवला तर बँक दुसऱ्याच्या दारात उभी राहते.

सगळ्यांत महत्त्वाचं, हे सारं घटस्फोटाच्या हुकूमनाम्याआधी ठरवावं. मी ज्यांची मोजपट्टी धरली, त्यांनी आधी घटस्फोट घेतला आणि घराचं नंतर बघू म्हटलं. संमतीच्या अर्जात घराविषयी एक ओळ होती, "उभयता आपसात ठरवतील." ती ओळ त्यांना तीन वर्षं पुरली. तडजोडीच्या अटींतच मिळकतीचं पूर्ण वर्णन, चतुःसीमा, रक्कम, मुदत आणि मुदत चुकली तर काय, हे सगळं यावं. आणखी एक व्यवहाराची गोष्ट. राहतं घर पती किंवा पत्नीला कोणताही मोबदला न घेता बक्षीसपत्रानं दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क अवघं दोनशे रुपये आहे, स्थानिक अधिभार असेल तो वेगळा. हुकूमनाम्यानंतर ती दोघं पती-पत्नी उरत नाहीत आणि ही सवलतही उरत नाही. रक्कम देऊन हिस्सा घ्यायचा असेल तर तो बक्षीसपत्राचा व्यवहारच नव्हे. कोणता कागद करायचा, हे वकिलाला हुकूमनाम्याआधीच विचारावं.

आणि तरीही कोर्टात जायची वेळ आलीच, तर? ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे. सातारा-सांगलीच्या माणसाला अपिलासाठी मुंबईची गाडी पकडण्याची गरज राहिली नाही. सोय झाली, हे चांगलंच. पण कोर्ट जवळ आलं म्हणून भांडण लांबवायचं कारण नाही.

वाटणीला आपण अपशकुनी मानतो. तशी ती नाही. सांगली संस्थानच मुळी वाटणीतून जन्माला आलं. १८०१ मध्ये चिंतामणराव पटवर्धन मिरजेच्या काकांपासून आपला वाटा घेऊन वेगळे झाले आणि त्यांनी कृष्णेकाठी सांगली वसवली. त्याआधी १७३१ मध्ये सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्यांमध्ये वारणेचा तह झाला आणि हद्द ठरली. राजघराण्यांनाही जे लिहून घ्यावं लागलं, ते आपण तोंडी "उभयता ठरवतील" म्हणून सोडून देतो.

विश्रामबागच्या त्या घराचा प्रश्न गेल्या वर्षी सुटला. तिनं एकटीच्या नावावर कर्ज घेतलं, जुनं फेडलं आणि त्याचा निम्मा हिस्सा विकत घेतला. निम्म्यावर तो शेवटी राजी झाला. हप्त्यांचे उतारे काढून बसला होता, तेव्हा मुलीनंच विचारलं, "बाबा, आईच्या पगाराचं काय झालं?" दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात सह्या झाल्या, तेव्हा दोघंही गप्प होते. पुढच्या रविवारी तो मुलीला भेटायला आला. इतकी वर्षं तो खिशातल्या किल्लीनं दार उघडून आत यायचा आणि त्यावरूनच भांडणाला तोंड फुटायचं. या वेळी त्यानं बेल वाजवली. तिनं दार उघडलं, "या" म्हणाली आणि चहा टाकला.

लोखंडी जिना आता काढून टाकला आहे.